अभिप्राय, संकेश्वर

खोत साहेब,
नदीचं उदाहरण पुन्हा दिलंत तर मी फी वाढवीन.
हिरण्यकेशी गडहिंग्लजहून येते, तुमच्या पुलाखालून जाते,
तिला कुणी ना-हरकत दाखला मागत नाही, कबूल.
पण नदीला ठेवीदार नसतात.

दोन बँका आहेत. एक तुमची,
मिरचीच्या पोत्यांसमोर,
जिथे कॅशियर शिंकत शिंकत नोटा मोजतो
आणि चुकत नाही.
दुसरी पलीकडे, पंधरा-एक किलोमीटरवर.
मध्ये एक नाका,
आणि मैलाच्या दगडांची लिपी बदलते ती जागा.

तुम्हाला एक व्हायचंय. कायदा म्हणतो, व्हा.
इथल्या निबंधकांचं दार, मग तिथल्या,
मग दिल्लीचं, कारण दोन राज्यांत पाय असलेल्याला
दिल्लीशिवाय कुणी ओळख देत नाही.
रिझर्व्ह बँक शेवटी, म्हणजे खरं तर सगळ्यांच्या आधी.
सभा घ्या. हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन-तृतीयांश हात.
नोटीस दोन्ही भाषांत.
कन्नडमध्ये विलीन, मराठीतही विलीन,
शब्द एकच निघाला, बघा.
भांडण पुढच्या ओळीपासून: मुख्य कचेरी कुठे.

हे सगळं पान चारपर्यंत आलंय.
पान पाच मी तीनदा फाडलं.

पान पाचवर भरमू मगदूम आहे. बाजारातला तोलाईवाला.
तुमच्या वहीत तो भरमप्पा, कन्नड सही, गोल गोल.
तिकडे भरमू, मराठी सही, शेवटच्या अक्षराला शेपूट.
इकडे चार लाख दहा हजार, तिकडे तीन लाख नव्वद.
मी विचारलं, एकाच जागी का नाही ठेवलं?
"दोन्हीकडं असल्यालं बरं की वो, मॅडम.
इकडं बंद असला की तिकडं चालू असतंय,
तिकडं दगड पडले की इकडं शटर वर."

विम्याचं त्याला ठाऊकच नव्हतं.
बँक बुडाली तर माणशी पाच लाख, दर बँकेला.
दोन बँका, दोन भरमू, पै न् पै झाकलेली.
तुम्ही एक झालात की तोही एक होतो.
आठ लाखांवर पाच लाखांचं पांघरूण,
पाय बाहेर.

हे सांगितलं तेव्हा त्यानं खिशातली दोन्ही पासबुकं काढली,
वजन करावं तशी दोन तळव्यांवर धरली.
"म्हंजे एक झाल्यावर मी कमी होतो?"

मी कलमं चाळली. रात्री दीडपर्यंत.
माझं माहेर चंदगडचं, तिथे जमिनीच्या कागदाला सातबारा म्हणतात,
सासरी उतारा. दोन्ही शब्द मी न अडखळता बोलते,
तरी भरमूच्या प्रश्नाला कलम मिळालं नाही.
"सभासदांचे सर्व हक्क अबाधित राहतील"
असं एक छापील वाक्य असतं. ते ठेवलंय.
खोटं नाही ते. पुरतं खरंही नाही.

तेव्हा माझा सल्ला:
विलीन व्हा. दोघांचीही थकबाकी बघता दुसरा रस्ता नाही.
पण दोन्हीकडे खाती असलेले दोनशे बारा जण आहेत,
त्यांना पत्र पाठवा, त्यांच्या त्यांच्या भाषेत,
ज्याला दोन्ही येतात त्याला दोन्हींत.
मुदत मोडायची असेल तर दंड लावू नका.
कायद्यात हे लिहिलेलं नाही.
मी लिहिते आहे.

बिल सोबत जोडलंय.

एक राहिलं. भरमू आज सकाळी आला होता,
मिरचीचा ठसका अंगावर घेऊन.
निपाणीत तिसरी एक बँक हाय म्हणं, म्हणाला,
फॉर्म आणला होता, साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती.
मी पेन दिलं.
नावाच्या चौकटीवर ते टेकवून तो थांबला,
बराच वेळ.
मग विचारलं,
"हितं कोण होऊ?"