चार हजारांत एक

टाचेतले चार थेंब
कागदावर वाळून अंकाराला गेले.
बाराव्या दिवशी फोन:
प्रथिन पचत नाही तिला. पाव वर्ज्य, कायमचा.
आपल्याकडे चार-पाच हजारांत एक निघतं असं,
फिनलंडात लाखात एखादं.

सेलाहत्तिनला फिनलंड ठाऊक नाही.
चार हजार ठाऊक आहेत.
कार्समधल्या त्याच्या भट्टीतून
आठवड्याला तेवढे पाव निघतात.
त्यातला कुठलाही एक
त्याने कधी निरखून पाहिला नव्हता.

नेसिबे भुकटी मोजते, ग्रॅमच्या काट्यावर.
दोघं आते-मामेभावंडं;
हे घरात कुणी उच्चारत नाही.

सकाळी भट्टीवरून आला की
तो दारातच सदरा झटकतो,
हात कोपरापर्यंत धुतो,
नखांतलं पीठ काडीनं काढतो,
मग मुलीला उचलतो.

हाताला लागलेलं चालतं,
नर्सनं दोनदा सांगितलंय.
तरी.