गाळ

सर्जेकोटच्या मच्छीमार सोसायटीत
बर्फाच्या मशीनची घरघर चालूच.
मोतीराम कुबल, वय एकाहत्तर, पुढचे दोन दात नाहीत.
त्यांच्या हनुवटीखाली मी
जेल लावलेला प्रोब धरला.
पडद्यावर काळोख,
काळोखात एक पांढरी रेघ, पाठीत बाक आलेली.

"ह्यां तर आमच्या फिश फायंडरासारख्यां,"
ते म्हणाले, आणि म्हणताना
रेघ सुळकन पालटली.
"माका मासो समाजलंस काय गो?"

आमच्या यंत्राने आधी नुसता आवाज ऐकला होता,
वायरलेसवरचा, वाऱ्यात फाटलेला.
ते ओरडले होते: खाडीच्या तोंडाक गाळ आसा.
यंत्राने लिहिलं: खाडीच्या तोंडाक गाल आसा.
ऑफिसात सगळे हसले. मीही.
मग वाटलं, चुकलं कुठे?
तोंड म्हटलं की गाल असणारच.
तोंडात जीभ असते, एवढंच
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून ही रेघ.
किनाऱ्यावर लाट फुटते तेव्हा
वल्हं कुठे बुडालं होतं, तेही शिकवायचं.
ल म्हणताना टोक दातांमागे टेकतं.
ळ म्हणताना मागे वळतं
आणि टाळूला चापट मारून खाली येतं.
चौथीत बाईंनी 'मूर्धन्य' शिकवलं तेव्हा
मला ती कुठल्याशा राजाची पदवी वाटली होती.

गळ. गाळ. जाळं. होळी. नळ.
प्रत्येक शब्द वीस वेळा.
दोनदा चहा आला. जेल वाळलं, पुसून पुन्हा लावलं.
दात नाहीत तिथून स निसटायचा;
निसटलेलाच ठेवला,
वादळात तो तसाच येणार.

शेवटी नियमाप्रमाणे एक मिनिट गप्प.
जीभ नुसती पडून असते तेव्हा कशी दिसते,
तेही लागतं.
ते खिडकीबाहेर बघत राहिले,
झापांनी शाकारलेल्या होड्यांकडे.
आवाजाची पट्टी सपाट.
रेघ मात्र हलली.
ओठ मिटले, सुटले,
जिभेचा मधला भाग टाळूला भिडला,
मग टोक मागे वळलं, ळ,
आणि सगळं हळूहळू तळाशी बसलं.

कुणाचं नाव, मी विचारलं नाही.
रकान्यात लिहिलं: आवाज नाही.
शेजारच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना.
मशीन अचानक बंद पडलं,
बाहेरचा समुद्र खोलीत आला.

"झालां?" त्यांनी विचारलं.
हनुवटी पुसायला
मी त्यांना टॉवेल दिला.