सावद्याची घटपर्णी

पतसंस्थेच्या मागच्या बोळात एसीची नळी टपकते,
तिथे मी सकाळी बाटली लावते
आणि संध्याकाळी पर्स, डबा, बाटली असा संसार घेऊन घरी येते.
शिपाई विचारतो, मॅडम, इन्व्हर्टरला घालता का?
मी हो म्हणते.
झाड पितं म्हटलं तर आणखी दहा प्रश्न.

नळाचं पाणी तिला सोसत नाही.
आमच्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरे थर चढतात,
माणसांना मूतखडे होतात,
ती तर परदेशी, पावसाळी रानातली.

न्हाणीघरात, खिडकीशी, ओल्या गोणपाटाच्या आड
तीन वर्षं ती नुसती वर चढत राहिली.
दांडी धरली, गिझरच्या नळीला वेढा घातला.
पानाच्या टोकाला दोरा, दोऱ्याच्या टोकाला घट,
तांदळाएवढा,
आणि तो मे लागला की काळा.
बाहेर सेहेचाळीस. भिंतीला हात लावावा तर तवा.
खाली बुडखा जुन्या वहाणेसारखा, पानाशिवाय.

हेमराजनं दिली होती, केळीच्या रोपांच्या लॅबमधल्या.
फोनवर म्हणाला, ऊन उतरू दे, मग शेंडा उडव.
शेंडा आहे तोवर खालचे डोळे उठत नाहीत,
तो उठूच देत नाही त्यांना.

तेवढं सांगून त्यानं फोन ठेवला.
कात्री आठ दिवस ओट्यावर.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सुपडूमामा आले,
रिकरिंगचे पाचशे घेऊन, माझ्या घरीच, नेहमीसारखे.
चाळीस वर्षं लोकांच्या केळीत पिलं कापत फिरलेला माणूस.
सगळं ऐकून घेतलं, मग हसले,
"आम्ही त पिलं कापतो न् माय ठेवतो.
तुहं उलटंच हाय."
मग सायकलच्या कॅरिअरचा विळा आणला,
मी स्पिरिटनं पुसून दिला.
"घासू नको कधी. घासलं का सडतं."
एकच झटका.
मला वाटलं होतं काहीतरी आवाज होईल.

शेंड्याच्या तीन कांड्या केल्या,
पानं अर्धी कापली, म्हणजे तहान अर्धी,
ओल्या शेवाळात रोवून वर शीतपेयाच्या बाटल्यांची घुमटं.
उरलेली वेल दांडीवरून सोडवली,
मोडेल मोडेल करत आडवी केली, लोकरीनं बांधली.
आडवं पडलं की कुणीच शेंडा राहत नाही,
सगळे डोळे एका उंचीवर.
हे हेमराजनं नव्हतं सांगितलं.
हे मला रात्री लाइट गेल्यावर सुचलं.

मग काही झालं नाही.
बरेच दिवस काहीच झालं नाही.
एक कांडी खालून काळी पडली.
एक मी उपटून पाहिली, मुळं आली का म्हणून,
आली होती, दोन, केसाएवढी,
ती माझ्याच हातानं तुटली.
तिसरी हिरवी आहे. एवढंच तिचं काम सध्या,
हिरवं असणं.

आडव्या वेलीचे डोळे मी रोज मोजायची,
ऑफिसात व्याज मोजते तशी, बोट ठेवून.
एकही फुगला नाही.

भरिताची वांगी बाजारात आली,
गल्लीत पऱ्हाट्यांचा धूर झाला,
आणि कुंडी उचलून खालची फरशी पुसताना दिसलं,
अगदी बुडाशी, शेवाळ बाजूला सारून,
जिथे मी कधी पाहिलंच नव्हतं,
लालसर टोक. उंदराच्या कानाएवढं.

महिन्याच्या पाच तारखेला मामा.
"निंघलं का पिल?"
निघालं, म्हटलं.
चपला बाहेर काढून न्हाणीघराच्या दारात उकिडवे बसले,
चष्मा कपाळावर चढवला.
हात आपोआप पुढे गेला त्यांचा,
अंगठा आणि तर्जनी, थेट बुडाशी,
जशी चाळीस वर्षं गेली.
तिथेच थांबली दोन्ही बोटं.
मग धोतराला पुसली, काही लागलेलं नसताना.

रातच्या थंडीचं काय करशीन, म्हणाले.
मी म्हटलं, बाटली घालीन वरून.
हं, म्हणाले,
आणि पासबुक पुढे केलं.