चौदा दिवस फुकट

कुताइसीत अजून माझ्या हातच्या एकेचाळीस पाट्या टांगलेल्या आहेत.
गोचा न्हाव्याची चौऱ्याण्णव सालची.
वीज नव्हती तेव्हा. एका हातात मेणबत्ती,
दुसऱ्यात बैलाच्या केसांचा ब्रश.
वस्तऱ्याचं पातं जरा तिरकं गेलं,
ते त्याला आजही माहीत नाही.

आता तोच म्हणतो, लामारा, पत्रा गंजतो गं,
मला ती दुसरी पाटी करून दे, फोनमध्ये दिसते ती.
जसं काही मी रोज डझनभर करते.
हो म्हणून बसले.
हिवाळ्यापासून माझा उजवा हात सरळ रेघेला घाबरतो,
हे काही त्याला सांगितलं नाही.

बाचो पोलंडला गेला तेव्हा लॅपटॉप ठेवून गेला.
एक कळ पडलीय, तिथे मी
बाटलीच्या बुचाचा तुकडा चिकटवलाय.
शेजारची तेकले, वय तेरा, स्टुलावर मांडी घालून विचारते,
मावशी, सॉफ्टवेअर कुठलं हवं?
म्हटलं, चांगलं.
ती हसली, जशी मी हसायचे
कुणी दुकानात येऊन नुसतं "लाल" म्हटलं की.
कुठला लाल? विटेचा? डाळिंबाचा? भांडणाचा?

पहिल्यात तीनशे साचे होते.
उचलायचं आणि ठेवायचं, बस.
दर दुसऱ्या साच्यात एक बाई कॉफी पिताना हसत होती,
का, ते तिलाच ठाऊक.
आमची अक्षरं टाकली तर ओळीनं चौकोन उमटले,
काचा न बसवलेल्या इमारतीसारखे.
नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मान्य,
पण इथे अंगणालाच आमचे पाय ओळखू येत नव्हते.

दुसऱ्यानं अक्षरं ओळखली.
मी किती खूश झाले म्हणून सांगू!
"मोठी अक्षरं" असं बटण होतं, ते दहादा दाबलं,
काही हललं नाही, कारण आमच्या रोजच्या अक्षरांत
मोठं-धाकटं असं काही नसतंच,
सगळी एका उंचीची माणसं एका बाकावर.
तेकले म्हणाली, बिचारं बटण.
नऊ रात्री जागून मी रिओनीचं पाणी काढलं,
पांढरे गोटे, कात्री, फणी.
पंधराव्या सकाळी माझ्याच पाटीवर कुलूप.
दर महिन्याला पैसे भरा म्हणे.
मी पाटी विकते आणि घरी जाते,
भिंतीकडून भाडं मागायला परत कधी गेले नाही.

तिसरं काही नव्हतंच.
कोरं पान, डोळे मिचकावणारी एक उभी रेघ.
यानं कुणी सुरुवात करत नाही, मावशी.
पांढरा हात दिलेला पत्रा असाच दिसतो, म्हटलं,
सरक जरा.
एक कंस बंद करायला विसरले तर
पुढचं सगळं पान ठळक झालं,
गोचाच्या टेलिफोन नंबरापर्यंत.
दोन दिवस तो ओरडत राहिला, मग सापडला कंस.

आणि मग त्या पोरीनं दाखवलं,
दोन अक्षरांमधली जागा इथे आकड्यात लिहितात.
आयुष्यभर मी ती श्वास धरून ठेवत आले.
शून्य पूर्णांक शून्य चार.
लिहिलं.
अक्षरं थोडी लांब सरकली आणि तिथेच थांबली,
माझा हात मात्र टेबलाच्या कडेवर
आपला थरथरत होता, त्याचा तो.
तेकले खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवारी गोचाला फोनवर दाखवली.
ओल्या हातानं त्यानं काच पुसली,
वस्तरा बघितला. म्हणाला, तिरका का?
म्हटलं, जुन्यावरून घेतलाय.
बराच वेळ तो वर दारावरच्या पत्र्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, आणि हिचे खिळे कुठे ठोकायचे?

मी खिशातून टेप काढली होती,
ती तशीच हातात राहिली.