छाट

राजमणी कुडक्याल, प्रभाग नऊ.
पाटीवर नाव तिचं, खाली नंबर मालकांचा.
ती सभागृहात, मालक वरच्या गॅलरीत;
त्यांनी चष्मा काढला की हिनं हात वर करायचा.
दीड वर्ष असंच.

परवा पाण्याचा विषय निघाला.
साहेब म्हणाले, चार दिवसांआड देतोय.
गॅलरीत चष्मा नाकावरच होता.
ही उठली.
"सहा. कधी सात. मी मोजतेय."

मागून कुणीतरी, "बिडीवाल्या बाईला हिशेब येतोय बे!"

येतो की.
अठ्ठावीस वर्षं मांडीवर सूप,
पंचवीसचा कट्टा, दिवसाचे चाळीस,
आणि कारखान्यात चेकर मूठभर उचलून
बाजूला फेकायचा: छाट.
का, ते सांगायचा नाही.
आम्हीही विचारायचो नाही,
रांगेत मागं बायका उभ्या असायच्या.

वहीतल्या तारखा तेलुगूत,
वाचल्या मराठीत.
मार्चपाशी अडखळली, पुन्हा जानेवारीपासून सुरू.
वेळ संपली, म्हणाले.
ती बसली नाही.

रात्री मालक जेवले नाहीत म्हणे.
आम्ही ओट्यावर पानं कापत होतो,
ती येऊन टेकली, कात्री मागितली.
काय झालं ग ठरावाचं?

"छाट."

मग पानाची शीर काढत,
आमच्याकडं न बघता,
"पण का, ते लिहून द्या म्हटलंय.
सोमवारी देतायत."