चोवीस

लिएपायात रात्री वारा बंदराकडून येतो
आणि खिडकीच्या फटीला तोंड लावून बोलत बसतो.
अग्रिताला त्याची सवय आहे.
तिच्यासमोर ओसारेतिनची तक्रार उघडी आहे,
क्रमांक चारशे सतरा, बेनिन शहरातून,
शेवटी एक नम्र ओळ:
कदाचित माझीच चूक असेल.

चूक त्याची नव्हती.
क आहे दोन.
ख म्हणजे क अधिक एक, ग म्हणजे क-ची दसपट,
खाली दोघांची बेरीज, तेवीस.
आता क-ला तीन करा.
ख चार, ग तीस, बेरीज चौतीस, कुणी हाक न मारता.
एवढ्यासाठीच तर तीन वर्षांच्या संध्याकाळी
तिने फुकट वाटून टाकल्या,
की एकाने कूस बदलली
तर त्याच्यावर विसंबलेल्यांना आपोआप कळावं.

पण नोंदीत तेवीस आणि चौतीसच्या मध्ये
एक चोवीस बसला आहे.
ख निरोप घेऊन धावत आला,
ग अजून वाटेत,
आणि बेरजेला धीर निघाला नाही.
नवा चार, जुना वीस.

चोवीस कधीच खरा नव्हता.
आधीही नाही, नंतरही नाही.
पापणी लवायच्या आत पुसला जातो,
कोण बघतंय, असं एकाने लिहिलंय खाली,
अंगठा वर केलेल्या चित्रासह.

ती उठते. राईच्या पावाला लोणी लावते. खात नाही.

मार्चमध्ये वडील रीगाच्या इस्पितळात होते.
गिंट्सने कळवलं: खाट रिकामी आहे.
वेल्टामावशीने कळवलं: पाच नंबरच्या वॉर्डात हलवलंय, सूप मागतायत.
दोन्ही निरोप खरे.
दुसरा अकरा मिनिटं उशिरा पोचला.

अकरा मिनिटं, ट्रामच्या थांब्यावर,
हातमोजा एकच घातलेला.
तेवढ्यात तिने त्यांचा निळा टाय शोधून ठेवला होता मनात,
बंदरातल्या क्रेनवाल्या मित्रांना कोण सांगणार तेही ठरवलं होतं,
आणि एका जुन्या भांडणाबद्दल
त्यांना माफही करून टाकलं होतं.
मग सूप आलं.

कागदावर ती रेषा ओढते, रेषेवर गोट्या मांडते,
लहानपणी मांडायची तशाच, फक्त आता हरायला कुणी नाही.
चाचणीतलं घड्याळ तिच्या मुठीत असतं,
ती म्हणेल तेव्हाच क्षण सरकतो.
पहाटे साडेतीनला सुचतं ते फार साधं आहे:
आधी सगळ्यांना नुसतं सांगायचं, काहीतरी हललंय, थांबा.
मग वरच्यापासून एकेक पायरी उतरत हिशेब,
आणि बेरजेने
दोघेही येईपर्यंत तोंड उघडायचं नाही.

तेवीस. चौतीस.
हिरवी खूण.
ती पुन्हा चालवते. हजार वेळा चालवते.
हिरवी, हिरवी, मध्ये काही नाही.

सकाळी ओसारेतिन विचारतो,
सगळं उत्तम, आभार, पण चाचणीचं नाव गुल्टा का?
तुमच्या भाषेत गुल्टा म्हणजे खाट ना?
हो, खाट, ती लिहिते,
आणि तक्रार बंद करते.

रविवारी वडील टेबलावर वर्तमानपत्र पसरून
धुरी दिलेल्या माशाचे काटे काढत बसतात.
अशी काय बघतेस, म्हणतात.
माफीचं त्यांना काही माहीत नाही.
ती परत घ्यायची कशी,
हे तिला अजून लिहिता आलेलं नाही.