आठ वॅट

बोहुमीरचा अ‍ॅम्प्लिफायर आठ वॅटचा.
आपल्या फ्रिजमधला दिवा पंधराचा आहे,
मी म्हटलं. तो हसला नाही.
आठ पुरतात, म्हणाला, समोरचा मनकवडा असेल तर.

मनकवडा लाऊडस्पीकर शोधायला तो ब्र्नोभर हिंडला,
हातात वही, वहीत आकडे:
एका वॅटला किती डेसिबल, किती ओहम,
आणि आमच्या खोलीची रुंदी, जी मोजायची गरजच नव्हती;
एकेचाळीस वर्षं मी तिथली फरशी पुसते आहे.

पहिली जोडी माझ्या भावाची, व्हिएन्नाहून.
उंच, सडपातळ, अक्रोडाच्या लाकडाची,
लग्नात मिरवावी अशी.
व्हॉल्व्ह तापले, केशरी झाले, तबकडी फिरली
आणि गाणारी बाई पाच घरं पलीकडून गायली.
बोहुमीरने आवाज वाढवला. ती चिरकली.
"हिला पाजायला धरण हवं," तो म्हणाला.
भाऊ नंतर दोन महिने फोनवर आला नाही.

दुसरी जोडी पावाच्या डब्याएवढी,
आत एकच कागदी शंकू.
व्हायोलिन असं की गजावरची राळ दिसावी.
पण बास वाजवणारा आलाच नाही.
मी ट्रामच्या कंट्रोलरूममध्ये तीस वर्षं काढली,
न पोचलेला माणूस मला
रिकाम्या जागेवरून कळतो.

तिसरी आली तिश्नोवच्या पलीकडून,
बंद पडलेल्या एका थिएटरातून.
विकणारी व्लास्तिमिला, तिथेच प्रोजेक्टर चालवलेली,
नोटा मोजता मोजता विचारत राहिली:
"आणि पडदा कुठे लावणार?"
कर्ण्यांची तोंडं एवढी की पहिल्याच दुपारी
मांजर आत जाऊन झोपलं.
चार मजले, लिफ्ट नाही,
ह्लाडीकची दोन्ही मुलं, पट्टे, शिव्या,
आणि माझं कपाट जिन्यात.
हिवाळ्याचे कोट पलंगावर, ढीग करून.

त्याने बटण दाबलं. तबकडी अजून ठेवलीही नव्हती.
घूं.
मधमाशी मुठीत धरावी एवढंच.
आधीच्या दोघांचे कान जड,
त्यांनी हे कधी सांगितलंच नव्हतं.
तीन रात्री तो पाठीवर पडून, तोंडात टॉर्च धरून,
तारा हलवत राहिला. अर्थिंग बदललं,
ट्रान्सफॉर्मर आडवा केला, उभा केला.
घूं निम्मं झालं, मग पाव,
मग हटून बसलं.
चौथ्या रात्री वही मिटली. म्हणाला, "परत देऊ या."

मी कोटांच्या ढिगावर बसले होते.
म्हटलं, तू झोपेत नेमका असाच वाजतोस.
याच पट्टीत. नाकाचं ऑपरेशन झाल्यापासून थोडा खाली.
थांबतोस तेव्हा मला जाग येते.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
दुरुस्तीला आलेल्या वस्तूकडे पाहतात तसं.
मग सोळा ओहमच्या खुंटीला तार कसली,
मांजराला बाहेर ओढलं, सुई ठेवली.

बास वाजवणारा आला.
खुर्ची सरकवून बसला, आमच्या सोफ्याला खेटून,
घसा खाकरल्याचंही ऐकू आलं.
आणि वरच्या ह्लाडीकबाईंनी
झाडूचा दांडा आपटायच्या आधी
चांगली बारा मिनिटं गेली.